उभ्या गाडीची बॅटरी वाचवायची तर: मेंटेनन्स चार्जर मोटरसायकलला नीट कसा जोडावा

"दादा, सेल्फ मारला की नुसतं टक् वाजतंय."

गणपतीच्या आदल्या आठवड्यात सोसायटीतला एक मुलगा सांगत आला. त्याची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून कव्हरखाली उभी होती. मल्टीमीटर लावला तर ११.६ व्होल्ट. बॅटरी जेमतेम चौदा महिन्यांची. रात्रभर चार्जिंगला ठेवली, सकाळी काढून दुपारी मोजली तर १२.२. सेल्फ दाबला की मीटर आठपर्यंत खाली येत होता. नवी बॅटरी घ्यावी लागली.

ही बॅटरी गाडी चालवून खराब झाली नव्हती, उभी राहून झाली होती. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने गाडी झाकून ठेवणारे, नोकरीसाठी बाहेरगावी असणारे आणि महिन्यातून एकदाच लांबच्या राइडला निघणारे खूप जण आहेत. त्यांच्या बऱ्याच बॅटऱ्या अशाच जातात. त्यावरचा उपाय म्हणजे मेंटेनन्स चार्जर, म्हणजे बॅटरी कायम भरलेली ठेवणारा, महिनोन्महिने लावून ठेवता येणारा छोटा चार्जर, आणि तो गाडीला एकदा व्यवस्थित जोडून देणं. हे काम तासाभराचं आहे. पुढे दर वेळी फक्त प्लग लावायचा.

उभ्या गाडीत बॅटरी का उतरते

लेड-ॲसिड बॅटरी वापरली नाही तरी आतल्या आत थोडी थोडी उतरत राहते आणि उन्हाळ्यात हे जास्त वेगाने होतं. पण हल्लीच्या गाड्यांत खरा खर्च वेगळा आहे. चावी बंद असली तरी घड्याळ, मीटर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) असं काही ना काही जागं असतं. समजा हे सगळं मिळून ३ मिलिअँपिअर घेतं. दिवसाला ७२ मिलिअँपिअर-अवर, म्हणजे महिन्याला दोन एएचच्या (अँपिअर-अवरच्या) वर. आजच्या क्लासिकची बॅटरी ८ एएचची असते, त्यातला पाव हिस्सा गाडी एक मीटरही न हलता गेला. त्यात जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्म लावला असेल आणि तो १० मिलिअँपिअर घेत असेल, तर महिना भरायच्या आतच बॅटरी रिकामी होते.

रिकामी होणं एवढंच असतं तर पुन्हा भरता आली असती. पण बॅटरी उतरताना शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. ते ताजं असताना चार्जिंगने परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की त्याचे कडक स्फटिक होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणून 'लागेल तेव्हा चार्ज करू' हे बॅटरीच्या बाबतीत चालत नाही. तिला भरलेलीच ठेवावी लागते.

पूर्वी किक होती, निभावून जायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता पेट्रोल पंप, इंजेक्टर, ईसीयू सगळं बॅटरीवर चालतं आणि बऱ्याच गाड्यांची किकही गेली. बॅटरी पूर्ण बसली असेल तर धक्का मारूनही गाडी सुरू होईल याची खात्री नाही, कारण धक्का मारताना पंपाला वीज कुठून मिळणार?

आता अनेकांच्या सवयीबद्दल. 'मी दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू ठेवतो.' कृपा करून हे करू नका. आयडलला गाडीचं चार्जिंग कमी असतं आणि २०१७ पासून हेडलाइट कायम चालू राहतो. हॅलोजनचा दिवा असेल तर तो एकटाच साडेचार अँपिअर ओढतो, शिवाय पंप आहेच. सेल्फने जे खाल्लं ते भरून यायचं तर लांबच राहिलं, कधी कधी बॅटरी उलट थोडी उतरते. इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं ते वेगळंच. वीस-पंचवीस किलोमीटरची फेरी मारणार असाल तरच गाडी सुरू करा.

चार्जर कोणता

दुकानात गेलात की पहिल्यांदा कारचा चार्जर पुढे येतो. तो घेऊ नका. बॅटरी जितक्या एएचची असेल त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतक्या अँपिअरने ती चार्ज व्हावी असा जुना आणि चांगला ठोकताळा आहे. ८ एएचच्या बॅटरीला ०.८ अँपिअर. ५-१० अँपिअरचा चार्जर तिला तापवतो, आतलं पाणी उडवतो. सीलबंद बॅटरीत तर ते पाणी परत भरताही येत नाही.

आपल्याला हवा तो ०.६ ते १ अँपिअरचा 'स्मार्ट' चार्जर. सीटेक, नोको, ऑप्टिमेट या परदेशी कंपन्यांचे मोटरसायकलसाठीचे छोटे चार्जर याच वर्गातले, आणि आपल्याकडेही या धाटणीचे बरेच मिळतात. त्याचं काम असं चालतं: आधी ठरावीक करंटने बॅटरी भरतो, १४.४ व्होल्टच्या आसपास पोचली की करंट हळूहळू कमी करतो आणि भरली की १३.५ च्या आसपास 'फ्लोट'वर थांबतो किंवा गरज पडेल तेव्हाच थोडं थोडं देतो. या शेवटच्या टप्प्यामुळेच तो महिनोन्महिने लावून ठेवता येतो. ट्रान्सफॉर्मरवाला साधा चार्जर असा थांबत नाही, तो बॅटरीला शिजवतो.

घेताना तीन गोष्टी बघा. इनपुट २३० व्होल्टला चालतं ना? अमेरिकेतून कोणी आणून दिला असेल तर लेबलवर १०० ते २४० लिहिलेलं असल्याशिवाय प्लगला लावू नका. दुसरं, सोबत गाडीला कायम बसवायची वायर आहे ना, एका टोकाला दोन गोल थिंबल (बोल्टात अडकवायची धातूची कडी), मध्ये फ्यूज आणि दुसऱ्या टोकाला चपटा दोन पिनांचा कनेक्टर असलेली? आणि तिसरं, उलटं जोडलं तर चार्जर स्वतःला वाचवतो का?

बॅटरीचा प्रकारही बघून ठेवा. व्हीआरएलए किंवा एजीएम (दोन्ही सीलबंद लेड-ॲसिडचेच प्रकार) असेल तर नेहमीचा मोड किंवा एजीएम मोड. लिथियम बसवली असेल तर लिथियमचा मोड असलेलाच चार्जर हवा, कारण लेड-ॲसिडच्या काही चार्जरमधला सल्फेट झाडायचा उच्च व्होल्टेजचा टप्पा लिथियमला घातक ठरतो. असा 'रिपेअर' किंवा 'रिकंडिशन' मोड लेड-ॲसिडला वापरायचा असेल, तरी बॅटरी गाडीतून काढूनच वापरा. त्यात व्होल्टेज १५-१६ पर्यंत जातं आणि ईसीयूला ते झेपेलच असं नाही.

हाताशी काय हवं

बॅटरीच्या बोल्टला बसेल तो पाना (बहुतेक ८ किंवा १० नंबर) आणि फुलीचा स्क्रूड्रायव्हर, एक मल्टीमीटर, बारीक पॉलिश पेपर, व्हॅसलिन, केबल टाय आणि इन्सुलेशन टेप. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. मी हे मुद्दाम सांगतो. प्लसवरच्या पान्याला टेकलेली अंगठी गाडीच्या फ्रेमला लागली की ती क्षणात लालबुंद होते.

वायर बसवायची

चावी बंद करा, काढून खिशात ठेवा. बॅटरी कुठे आहे ते गाडीच्या पुस्तकात असतं, कुठे सीटखाली, कुठे साइड पॅनलच्या आत. पॅनल काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. परत बसवताना 'ही वायर याच्या वरून होती की खालून?' हा प्रश्न पडतोच.

आता क्रम महत्त्वाचा. आधी मायनस सोडवा. गाडीची फ्रेम, इंजिन सगळं मायनसला जोडलेलं असतं. मायनस जोडलेला असताना तुम्ही प्लसचा बोल्ट सोडवायला गेलात आणि पाना फ्रेमला टेकला, तर बॅटरी थेट शॉर्ट होते. ८ एएचची छोटी दिसणारी बॅटरीसुद्धा त्या क्षणी शंभरच्या वर अँपिअर सोडू शकते. मायनस आधी मोकळा केला की ही भीती संपते. सोडवलेल्या काळ्या वायरच्या टोकावर टेप गुंडाळून बाजूला वाकवून ठेवा, म्हणजे ती उसळी मारून परत टर्मिनलला टेकणार नाही. मग प्लस.

टर्मिनल आणि थिंबल दोन्ही पॉलिश पेपरने हलकं घासून चमकवा. पांढरं-हिरवं पीठ जमलं असेल तर पाण्यात खायचा सोडा कालवून त्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने.

परत जोडताना उलट क्रम, आधी प्लस. इथे एक बारकावा आहे, तो बऱ्याच ठिकाणी चुकलेला दिसतो. बॅटरीच्या टर्मिनलला टेकलेलं थिंबल गाडीच्या मूळच्या जाड वायरचंच असलं पाहिजे. चार्जरचं बारीक थिंबल तिच्या वर, बोल्टच्या डोक्याखाली. सेल्फ मारताना सगळा मोठा करंट जाड वायरमधून जातो, त्याच्या वाटेत पातळ पत्र्याचं थिंबल नको.

दुसरी अडचण म्हणजे चौकोनी नट. बाइकच्या बॅटरीच्या टर्मिनलमध्ये तो नुसता खोबणीत बसवलेला असतो. बोल्ट घालायला गेलं की खाली घसरतो, आणि आता तर दोन थिंबलांमुळे बोल्टाला तेवढी लांबी पुरत नाही. अशा वेळी नटाखाली फोमचा किंवा रबरी नळीचा छोटा तुकडा दाबून बसवा. नट वर उचललेला राहतो आणि बोल्टाचे आटे लगेच पकडतात. दोन-तीन फेरे हाताने फिरवा, मगच पाना. बोल्ट अगदीच अपुरा पडत असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून त्याच आट्यांचा थोडा लांब बोल्ट घ्या, पण तो तळाला टेकणार नाही एवढाच. शिसं मऊ असतं. घट्ट बसला की थांबा, पिळू नका. टर्मिनल आतून सैल झालं की बॅटरी गेलीच.

प्लस झाला की त्याच पद्धतीने मायनस. काळी वायर लावताना क्षणभर बारीक ठिणगी दिसली तर घाबरू नका. दोन्ही टर्मिनलवर व्हॅसलिनचा पातळ थर आणि प्लसवरचं लाल रबरी झाकण परत नीट बसवा.

आता फ्यूज बघा. तो प्लसच्या वायरवर, बॅटरीच्या जवळच हवा. तुमची ही नवी वायर कायमच जिवंत राहणार आहे, चार्जर लावलेला असो वा नसो. उद्या कुठे घासून तिचं आवरण गेलं, किंवा पार्किंगमधल्या उंदराने कुरतडली, तर आग लागू न देणारा तो एकच फ्यूज. म्हणून फ्यूजशिवाय घरी वायर करून जोडायचा मोह टाळा, आणि उडाला तर तितक्याच अँपिअरचा नवा घाला, मोठा नाही.

वायर कुठून न्यायची

यात घाई करू नका. वायर सीटच्या लोखंडी पत्र्याखाली चिमटता कामा नये. सायलेन्सर, इंजिनचं हेड आणि मागच्या चाकाच्या हलत्या भागांपासून लांब ठेवा. गाडीच्या मूळ वायरिंगच्या सोबतीने न्या आणि दर चार-पाच इंचांवर केबल टाय घाला. कनेक्टर साइड पॅनलच्या खालच्या कडेला, हात सहज पोचेल असा बाहेर काढा. तोंड खाली राहील असं बांधा म्हणजे धुताना आणि पावसात पाणी आत साठत नाही. रबरी टोपी नेहमी लावलेली असू द्या.

सगळं बांधायच्या आधी कनेक्टरवर मल्टीमीटर लावून बघा. बॅटरीइतकंच व्होल्टेज आलं पाहिजे. या चपट्या दोन पिनांच्या कनेक्टरमध्ये बॅटरीकडच्या भागातली प्लसची पिन प्लॅस्टिकच्या आत झाकलेली असते आणि उघडी दिसते ती मायनसची, जेणेकरून ती चुकून फ्रेमला लागली तरी काही होऊ नये. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग जोडत असाल तर हे जरूर तपासा. दोन तुकडे एकमेकांत बसले म्हणजे प्लसला प्लसच आलाय असं नाही.

पहिलं चार्जिंग

आधी गाडीकडचा कनेक्टर, मग भिंतीवरचा प्लग. काढताना आधी भिंतीवरचं बटण बंद, मग गाडीकडचा कनेक्टर. चार्ज होताना बॅटरी थोडा हायड्रोजन सोडते, तिच्याजवळ ठिणगी पडायला नको म्हणून हा क्रम. पार्किंग बंदिस्त असेल तर प्लॅस्टिकचं कव्हर पूर्ण ओढून घेऊ नका.

कायमची वायर नाही आणि चिमट्यांनीच लावायचं असेल, तर लाल चिमटा प्लसवर आणि काळा बॅटरीच्या मायनसऐवजी इंजिनच्या किंवा फ्रेमच्या रंग नसलेल्या धातूवर, बॅटरीपासून दूर. कारण तेच. गाडीवरच्या १२ व्होल्टच्या किंवा यूएसबीच्या सॉकेटमधून चार्ज करायचं कोणी सुचवलं तर नको म्हणा. यूएसबीतून हे होतच नाही, आणि सॉकेट बहुतेक गाड्यांत चावी चालू असतानाच जोडलं जातं.

चार्जर सीटवर किंवा टाकीवर ठेवू नका, तो कोमट होतो. कोरड्या फरशीवर किंवा भिंतीला अडकवून ठेवा. ८ एएचची बॅटरी निम्मी उतरली असेल तर ४ एएच भरायला ०.८ अँपिअरच्या चार्जरला पाच तास, आणि शेवटचा हळू टप्पा धरून सात-आठ. हिरवा दिवा लागला म्हणून लगेच मीटर लावू नका, नुकत्या चार्ज झालेल्या बॅटरीचं व्होल्टेज फुगलेलं असतं. चार्जर काढा, रात्र जाऊ द्या, सकाळी मोजा. १२.७-१२.८ म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर तिला उशीर न करता चार्ज करा.

आणि रात्रीतून आकडा १०.५ च्या आसपास येऊन थांबला, तर सहातला एक सेल मेला आहे. प्रत्येक सेल २.१ व्होल्टचा, सहातले पाच उरले की तेवढंच येतं. अशा बॅटरीवर चार्जर चालू ठेवण्यात अर्थ नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तरी ती थकली आहे असंच समजा.

काही वेळा चार्जर सुरूच होत नाही, लाल दिवा लुकलुकतो. सगळं बरोबर जोडलेलं असेल तर बॅटरी इतकी उतरलेली असते की चार्जरला ती दिसतच नाही. बॅटरीच्या दुकानात नेऊन त्यांच्या मशीनवर थोडी उचलून आणा, मग आपला चार्जर लावा.

पार्किंगमध्ये प्लगच नसेल तर

शहरातला खरा प्रश्न हा आहे. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेन्शन खाली सोडणं, तेही पावसात, हे अजिबात करू नका. सोसायटीच्या मीटरवरून पार्किंगमध्ये प्लग मिळतो का ते विचारा, आणि मागताना हिशोब सांगा. फ्लोटवर असा चार्जर समजा ५ वॅट घेत असेल, तर अखंड महिनाभर लावून साडेतीन युनिटच्या आसपास वीज जाते. आमच्या कमिटीत हा आकडा ऐकल्यावर वाद मिटला होता. प्लग मात्र अर्थिंगचा आणि ईएलसीबीच्या (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या) पुढचा हवा.

तेही जमलं नाही तर बॅटरी काढून घरी न्या. दर तीन-चार आठवड्यांनी एक रात्र चार्ज केली तरी पुरतं. मायनस सोडवून ठेवला की घड्याळ-ट्रॅकरचा खर्चही बंद होतो, घड्याळ नंतर लावावं लागेल इतकंच. बॅटरी उभीच ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा हवेशीर जागी. जुन्या, झाकणांच्या बॅटरीत पातळी खाली गेली असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही चार्ज झाल्यावर. सीलबंद बॅटरीची पट्टी उचकटून पाणी घालू नका.

ज्यांच्याकडे जपलेल्या जुन्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. काही ६ व्होल्टच्या असतात, १२ चा चार्जर लावायच्या आधी बॅटरीवर वाचा. आणि बीएसए, नॉर्टन यांसारख्या जुन्या इंग्लिश गाड्यांत अनेकदा प्लस फ्रेमला जोडलेला असतो. तिथे 'आधी मायनस सोडवा' हा नियम 'आधी फ्रेमला जोडलेली वायर सोडवा' असा वाचायचा.

महिन्यातून एकदा तरी कव्हर उचलून चार्जरचा दिवा आणि उंदरांची लेंडी दोन्ही बघा. आणि गाडीची चावी चार्जरच्या वायरलाच अडकवून ठेवा. पहाटे अंधारात ताम्हिणीला निघताना प्लग काढल्याशिवाय चावी हाताला लागणार नाही, आणि चार्जर फरफटत गेटपर्यंत जाणार नाही.